पांढऱ्या कॉलरची साक्ष

2 जानेवारी 1965. सॅन फ्रान्सिस्कोत सात पाळकांनी पत्रकारांना बोलावून घेतलं. मेथडिस्ट, एपिस्कोपल, लुथरन अशा निरनिराळ्या पंथांची ही माणसं, कित्येकांच्या गळ्याला धर्मसेवेची पांढरी कॉलर. सगळे संतापलेले होते, आणि संताप होता शहराच्या पोलिसांवर. आदल्या रात्री समलिंगी स्त्री-पुरुषांच्या एका नृत्यसमारंभाला पोलिसांनी वेढा घातला होता, दारातच चौघांना पकडून नेलं होतं. आणि त्या समारंभाचे यजमान होते हे पाळकच.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी परत वर जाऊन साल तपासलं. 1965! त्या वर्षी इलिनॉय हे एक राज्य सोडलं तर साऱ्या अमेरिकेत समलिंगी संबंध हा गुन्हा होता. मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत समलैंगिकता आजार म्हणून नोंदलेली होती, आणि ती नोंद पुढे 1973 पर्यंत निघणार नव्हती. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या 1953 च्या आदेशाने अशा माणसांना केंद्र सरकारच्या नोकरीतून काढता येत होतं. बारमध्ये धाड पडली की पकडलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून येत, आणि दुसऱ्या दिवशी नोकरी, घर, नातीगोती सगळंच जात असे. न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल बारमधला उठाव, ज्याच्यापासून समलिंगी हक्कांची चळवळ सुरू झाली असं आपण सहज म्हणतो, तो अजून चार वर्षं दूर होता. आणि इथे चर्चचे लोक समलिंगींच्या बाजूने उभे राहून पोलिसांना जाब विचारत होते. ते त्या जागी पोचले कसे, हे उलगडत गेलं की अधिकाधिक थक्क व्हायला होतं.

सुरुवात एका श्रीमंत, सश्रद्ध विधवेपासून करावी लागते. लिझी ग्लाइड यांचे पती गुरांच्या व्यापारात गब्बर झाले होते. त्यांच्या स्मरणार्थ लिझीबाईंनी सॅन फ्रान्सिस्कोच्या मध्यभागी, एलिस आणि टेलर रस्त्यांच्या कोपऱ्यावर, मेथडिस्ट चर्च बांधलं. 1931 मध्ये ते उभं राहिलं, आणि सोबत मोठा निधीही ठेवला गेला. पण पुढच्या तीस वर्षांत भोवतालची वस्ती पार बदलली. टेंडरलॉइन नावाने ओळखला जाणारा तो भाग म्हणजे स्वस्तातली लॉज, दारूचे गुत्ते आणि रात्रभर जागणारे रस्ते. चर्चकडे पैसा होता, इमारत होती. उपासनेला येणारी मंडळी मात्र मूठभर उरली होती. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे टेड मॅकइल्व्हेना नावाचे एक तरुण मेथडिस्ट पाळक आले. शहरात एकट्या राहणाऱ्या तरुणांसाठी काहीतरी करा, एवढंच काम त्यांच्यावर सोपवलं होतं.

मॅकइल्व्हेना रस्त्यावर उतरले. तिथे त्यांना पोरं भेटली. घरातून पळालेली, त्याहून जास्त म्हणजे घरातून हाकललेली, पोटासाठी शरीर विकणारी. का हाकललं, असं विचारलं की बहुतेकांची गोष्ट एकाच ठिकाणी येऊन थांबायची: मुलगा समलिंगी आहे हे आईबापांना कळलं. यातली कितीतरी घरं नेमाने चर्चला जाणारी. म्हणजे एका चर्चने बाहेर काढलेली मुलं दुसऱ्या चर्चच्या पायरीवर येऊन निजत होती.

मॅकइल्व्हेना यांची पुढची चाल मला फार शहाणपणाची वाटते. या मुलांना सुधारायचा कार्यक्रम त्यांनी आखला नाही. मोठे झालेले समलिंगी लोक कसे जगतात, हे त्यांच्याकडूनच समजून घ्यायला ते निघाले. शहरात तेव्हा अशा लोकांच्या दोन-तीन संघटना होत्या. मॅटाशीन सोसायटी ही पुरुषांची, 1950 मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालेली. डॉटर्स ऑफ बिलिटिस ही स्त्रियांची, 1955 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतच आठ जणींनी मिळून काढलेली. त्या आठांपैकी डेल मार्टिन आणि फिलिस लायन हे जोडपं पुढे या चळवळीचा कणा ठरलं. संघटनेचं मासिक निघालं तेव्हा संपादक फिलिस यांनी सुरुवातीला खोटं नाव लावलं होतं, इतकी भीती होती. रस्त्यावरच्या त्या पोरांना जवळ करायलाही या संघटना बिचकत असत. एकवीस वर्षांच्या आतल्या कोणाला दारात उभं केलं तरी मुलांना बिघडवता म्हणून खटला भरला जाण्याची धास्ती. जी माणसं त्या मुलांना सर्वांत जास्त समजू शकली असती, त्यांनाच मुलांजवळ जाता येत नव्हतं.

मग 1964 च्या मे महिन्याच्या अखेरीस मॅकइल्व्हेना यांनी एक शिबिर घेतलं. गोल्डन गेट पुलाच्या पलीकडे, तामाल्पाइस डोंगराच्या पायथ्याशी मिल व्हॅली म्हणून गाव आहे. तिथल्या एका निवासी केंद्रात 31 मे ते 2 जून असे तीन दिवस साधारण तीस माणसं एकत्र राहिली. निम्मे पाळक, निम्मे समलिंगी संघटनांचे कार्यकर्ते. दोन्ही गटांतली बरीच माणसं एकमेकांना अनोळखी होती. पाळकांपैकी अनेकांच्या मते समलिंगी माणूस म्हणजे पापी नाहीतर रोगी. कार्यकर्त्यांपैकी अनेकांच्या मते पाळक म्हणजे ज्याने लहानपणापासून आपल्याला नरकाची भीती घातली तो. दोन्ही बाजूंना गमावण्यासारखं पुष्कळ होतं. इथे आल्याचं बाहेर कळलं असतं तर कार्यकर्त्याची नोकरी गेली असती, आणि पाळकाच्या मंडळीत कुजबुज सुरू झाली असती.

त्या तीन दिवसांत काय घडलं असेल ते समजायला दहा वर्षं मागे जावं लागतं. 1954 मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट या हार्वर्डच्या मानसशास्त्रज्ञाचं पूर्वग्रहांवरचं पुस्तक आलं. अमेरिकेतल्या काळ्या-गोऱ्यांच्या संबंधांकडे पाहून त्यांनी असं मांडलं होतं की दोन गट नुसते शेजारी राहिल्याने मनं जुळत नाहीत. उलट कधीकधी अढी वाढते. अढी सुटायची तर भेटीला काही अटी लागतात. भेटीपुरता तरी दोघांचा दर्जा समान हवा. दोघांचं उद्दिष्ट एक हवं. ते गाठायला एकमेकांच्या मदतीची गरज पडायला हवी. आणि वरच्या अधिकाराचा, म्हणजे कायदा, संस्था, रूढी यांचा त्या भेटीला आशीर्वाद हवा.

आता मिल व्हॅलीकडे पाहा. पाळक इथे व्यासपीठावर नव्हते, त्यांच्या हातात प्रवचन नव्हतं; ते विचारायला आले होते, आणि उत्तरं होती समोरच्यांकडे. म्हणजे दर्जा समान झाला, किंबहुना नेहमीचा उतार उलटा झाला. रस्त्यावरची पोरं हे दोघांचं समान दुखणं होतं. पोरांपर्यंत पोचायला संघटनांना चर्चच्या प्रतिष्ठेची गरज होती आणि चर्चला संघटनांच्या अनुभवाची. वर मेथडिस्ट चर्चची संमतीही होती. ऑलपोर्ट यांच्या चारही अटी तिथे पुऱ्या झाल्या होत्या.

ऑलपोर्ट यांच्या कल्पनेचं पुढे काय झालं हेही सांगायला हवं. 2006 मध्ये थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी जगभरातले 515 अभ्यास गोळा करून ती पारखली. भेटीगाठींनी पूर्वग्रह कमी होतो, हे त्यांना बहुतेक ठिकाणी दिसलं. चारही अटी नसल्या तरी काही फरक पडतो, असल्या तर जास्त पडतो. आणि वंश, वय, अपंगत्व, मानसिक आजार अशा नाना गटांमध्ये हा परिणाम सर्वांत ठळक दिसला तो समलिंगी व्यक्तींशी झालेल्या ओळखीत. यामागचं कारण मला असं दिसतं. जात, रंग, भाषा यांच्या बाबतीत परका माणूस सहसा आधीपासूनच परका असतो. त्याच्यापर्यंत चालत जावं लागतं. समलिंगी माणूस मात्र आधीच घरात असतो. तो भाचा असतो, गायनवृंदातली सुरेल आवाजाची ताई असते, संडे स्कूल घेणारे सर असतात. माया आधी जडलेली असते, ओळख नंतर पटते. मिल व्हॅलीहून परतलेल्या पाळकांना आपल्या चर्चच्या बाकांवरचे चेहरे नव्याने दिसले असणार, कारण तिथले काही जण वर्षानुवर्षं गप्प बसून उपासनेला येत होते, हे त्यांना आता कळलं होतं.

डिसेंबर 1964 मध्ये या मंडळींनी रीतसर संस्था नोंदवली: कौन्सिल ऑन रिलिजन अँड द होमोसेक्शुअल. पैसे उभे करायला नववर्षाच्या रात्री पोल्क स्ट्रीटवरच्या कॅलिफोर्निया हॉलमध्ये वेषांतर-नृत्याचा समारंभ करायचं ठरलं. पाळकांनी सरळपणे पोलिसांकडे जाऊन आधी सगळी कल्पना दिली. पोलिसांनी समारंभ होऊ नये म्हणून दडपण आणलं, अगदी धर्मशास्त्रावरून हुज्जत घातली, पण शेवटी अडवणार नाही असं कबूल केलं.

1 जानेवारीच्या संध्याकाळी हॉलबाहेर पोलिसांच्या गाड्या लागल्या. दारावर झगझगीत दिवे रोखले गेले, आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाचा फोटो काढला जाऊ लागला. फोटो म्हणजे काय, हे त्या काळात ज्याला लपून जगावं लागत होतं त्यालाच कळेल: तो साहेबाच्या टेबलावर जाऊ शकत होता, घरमालकाच्या हातात पडू शकत होता. तरीही सहाशेच्या आसपास माणसं त्या दिव्यांच्या झोतातून चालत आत गेली. पाळक आपापल्या पत्नींसह आले होते. पोलिसांनी पुन्हापुन्हा आत शिरायला सुरुवात केली, तेव्हा दारात उभ्या असलेल्या इव्हँडर स्मिथ आणि हर्ब डोनाल्डसन या वकिलांनी त्यांना अडवून वॉरंट मागितलं. दोघांना अटक झाली. आणखी एक वकील, एलियट लेटन, आणि दारावर तिकिटं घेणाऱ्या नॅन्सी मे यांनाही नेलं. या नॅन्सी मे समलिंगी नव्हत्या. विवाहित गृहिणी होत्या.

त्या रात्री पाळकांना नवीन माहिती अशी काही मिळाली नाही. पोलीस कसे छळतात, हे मिल व्हॅलीत त्यांनी ऐकलं होतंच. पण ऐकलेल्यात कुठेतरी शंकेला जागा राहते. माणसं वाढवून सांगत असतील, काहीतरी आगळीक केली असेल, पोलीस उगाच कशाला त्रास देतील? आता त्यांच्या बायकांच्या तोंडावर दिवे मारले गेले होते, त्यांना दिलेला शब्द मोडला गेला होता. समाजात मोठा मान असलेल्या, पोलीस ज्यांना एरवी अदबीने वागवत त्या माणसांनी एक रात्र समलिंगी माणसासारखी काढली. दुसऱ्या दिवशीच्या पत्रकार परिषदेत त्यांनी दहशत, वचनभंग आणि उघड वैर असे आरोप पोलिसांवर केले, ते पाहिलेल्याच्या अधिकाराने.

इथे माझं मन फार रेंगाळतं. हीच तक्रार समलिंगी लोक कितीतरी वर्षं करत होते, आणि कोणी ऐकत नव्हतं. तक्रार करायला नाव सांगावं लागे, आणि नाव सांगणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. ज्याच्यावर अन्याय झाला त्याची साक्ष कायद्याने आधीच बाद करून टाकलेली होती. पाळकांकडे होती ती विश्वासार्हता. लहान मूल गर्दीत दिसेनासं झालं की बाप त्याला खांद्यावर घेतो, तसं त्यांनी त्या न ऐकल्या गेलेल्या साक्षीला आपल्या कॉलरवर उचलून धरलं. बायबलमधल्या वचनांचा अर्थ काय, समलिंगी संबंध पाप की नाही, यावर त्या सातांचं पूर्ण एकमत होतं का, हा प्रश्न त्या सकाळी कोणी सोडवत बसलं नव्हतं. साक्ष द्यायला तेवढं एकमत लागलं नाही, हे मला या साऱ्या हकिकतीतलं सर्वांत मोलाचं वाटतं.

पकडलेल्या चौघांच्या बाजूने अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनने खटला लढवला. फेब्रुवारीत सुनावणी झाली, आणि बचाव पक्षाने बोलायला सुरुवात करण्याआधीच न्यायाधीशांनी ज्यूरीला आरोपींना निर्दोष ठरवायला सांगितलं. शहरातल्या वर्तमानपत्रांचा सूर बदलला. फिलिस लायन पुढे ग्लाइड चर्चमध्येच मॅकइल्व्हेना यांच्यासोबत काम करू लागल्या. हर्ब डोनाल्डसन, ज्यांना त्या दारातून पकडून नेलं होतं, त्यांना 1980 च्या दशकात गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी त्याच शहरात न्यायाधीश नेमलं. आणि डेल मार्टिन व फिलिस लायन यांचं लग्न 16 जून 2008 रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलमध्ये कायदेशीरपणे लागलं, पन्नासहून अधिक वर्षांच्या संसारानंतर. डेल त्याच ऑगस्टमध्ये गेल्या.

मात्र यानंतर सगळं सुरळीत झालं असं समजू नये. ज्या मेथडिस्ट चर्चच्या पैशावर आणि परवानगीवर मिल व्हॅलीचं शिबिर झालं, त्याच चर्चच्या सर्वसाधारण परिषदेने 1972 मध्ये आपल्या तत्त्वांमध्ये असं वाक्य घातलं की समलैंगिक आचरण ख्रिस्ती शिकवणुकीशी विसंगत आहे. हे वाक्य 52 वर्षं टिकलं. दर चार वर्षांनी वाद, निषेध, पाळकांवर चर्चच्या अंतर्गत न्यायालयांत खटले. 2019 ते 2023 या काळात अमेरिकेतल्या सुमारे साडेसात हजार मंडळ्या, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा, या वादातून चर्च सोडून गेल्या. अखेर मे 2024 मध्ये शार्लट इथल्या परिषदेने ते वाक्य 523 विरुद्ध 161 मतांनी काढून टाकलं. बाहेर पडलेल्यांमध्येही देवभोळी, सेवाभावी, आपल्या समजुतीशी प्रामाणिक माणसं होती, हे विसरून चालणार नाही. साठ वर्षांच्या एका टोकाला तीस माणसांची समजूत आहे आणि दुसऱ्या टोकाला लाखोंची फाटाफूट. एका खोलीत जे जुळलं ते साऱ्या पंथात जुळायला दोन पिढ्यांहून जास्त काळ लागला.

अटलांटिकच्या पलीकडे, इंग्लंडात, वाट निराळी होती. तिथे डेरिक शेरविन बेली या अँग्लिकन पाद्र्याने ग्रंथांतून सुरुवात केली. 1955 च्या त्याच्या पुस्तकाने सदोमच्या कथेचा रूढ अर्थच तपासायला घेतला. सदोम नगरी समलैंगिकतेपायी जळाली, असं शतकानुशतकं सांगितलं गेलं. पण बायबलमध्येच यहेज्केल संदेष्टा सदोमचं पाप सांगतो तेव्हा गर्व, सुखासीनता आणि गरिबांना हात न देणं यांचा पाढा वाचतो. बेली ज्या चर्च-समितीसाठी काम करत होता तिने सरकारकडे कायद्याच्या फेरविचाराची मागणी लावून धरली. या फेरविचारासाठी नेमलेल्या वोल्फेंडन समितीचा अहवाल 1957 मध्ये आला, आणि पुढे कँटरबरीचे आर्चबिशप मायकेल रॅम्से यांनी हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये कायदा बदलण्याच्या बाजूने मत मांडलं. 1967 मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रौढांमधले खासगी संबंध गुन्हा राहिले नाहीत.

हे आपल्याशी थेट जोडलेलं आहे. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं भारतीय दंडसंहितेचं 377 कलम 1860 मध्ये ब्रिटिशांनीच आणलं होतं. देणाऱ्याने आपल्या घरातला कायदा 1967 मध्ये बदलला. आपण तो 6 सप्टेंबर 2018 पर्यंत जपला. या कलमाविरुद्धच्या दीर्घ खटल्यात काही ख्रिस्ती संस्था, जसं की अपोस्टॉलिक चर्चेस अलायन्स आणि उत्कल ख्रिश्चन कौन्सिल, कलम राहावं म्हणून न्यायालयात उभ्या होत्या. पण डिसेंबर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम कायम ठेवलं, तेव्हा मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांनी जाहीरपणे सांगितलं की कॅथलिक चर्च समलिंगी व्यक्तींना गुन्हेगार मानत नाही. समलिंगी विवाहाला त्यांचा विरोध होता, आणि तोही त्यांनी लपवला नाही. प्रॉटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चांची राष्ट्रीय परिषद नागपुरात आहे. तिनेही मानवी लैंगिकता आणि लिंगभाव यांवर पाळक आणि धर्मशास्त्राचे अभ्यासक यांच्यासाठी चर्चासत्रं घेतली, पुस्तकं काढली.

आणि एक धागा तर मला अक्षरशः उठून बसायला लावणारा. मुंबईत मेथडिस्ट मंडळी रुजवली ती 1871 च्या सुमारास आलेल्या विल्यम टेलर या अमेरिकन उपदेशकाने. त्याला लोक ‘कॅलिफोर्निया टेलर’ म्हणत, कारण सोन्याच्या शोधात झुंबड उडाली त्या काळात, 1849 पासून, तो सॅन फ्रान्सिस्कोच्या चौकांत उभा राहून जुगारी, दारुडे आणि घरदार सोडून आलेल्या पोरांपुढे प्रवचनं करत असे. चर्चने रस्त्यावर यायचं, ही रीत त्या शहरात मॅकइल्व्हेना यांच्याआधी शंभर वर्षं होती, आणि तीच रीत घेऊन टेलर मुंबईला उतरला होता.

भारतातलं मेथडिस्ट चर्च 1981 पासून स्वायत्त आहे, त्याची कचेरी मुंबईत आहे, आणि शार्लटचा 2024 चा ठराव त्याला बांधून घेत नाही. इथले निर्णय इथेच व्हायचे आहेत. ऑलपोर्ट यांच्या अटी लावून पाहिल्या तर कायद्याचा आशीर्वाद 2018 पासून आहे. बाकीच्या अटी कोणत्याही मंडळीच्या आवाक्यातल्या आहेत: तरुण संघाचं निवासी शिबिर, महिला मंडळाची दोन दिवसांची बैठक, जिथे पाळक विचारतील आणि मंडळीतलाच समलिंगी मुलगा किंवा ट्रान्स मुलगी सांगेल. शिबिरं दरवर्षी होतातच. त्यांतल्या एकाचा विषय आणि पाहुण्यांची यादी तेवढी बदलायची आहे, आणि वर सही बिशपांची लागेल.